टीम अमरावतीला जाते म्हणतात

“पार्किंगमधी रोडगे! आमच्या सासरी कोनाले सांगतलं त हासतीन ना व लोक,” विमलताई परातीतल्या कणकेला बुक्की हाणत पुटपुटल्या. “बोरी अरबहून इतक्या दूर आली मी, आन बसली कुठं? त मोटारसायकलीच्या पट्ट्यावर.”

इंदूबाई त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या, त्यामुळे न ऐकण्याची सोय नव्हती. शिवाय नणंद खोटं काहीच बोलत नव्हती. सतरंजीखाली डांबर होतं, डांबरावर पांढऱ्या पट्ट्या होत्या, आणि कोपऱ्यातल्या मारुतीच्या डोक्यावर ‘व्हीआयपी वाहनांसाठी राखीव’ अशी पाटी होती.

हे एके काळी त्यांच्या घरचं शेत, मारुतीचं वावर. इंदूबाईंचे यजमान पुंडलिकराव पिंपळढोण्याचे नगराध्यक्ष होते तेव्हा ‘पोरांले खेळायले’ म्हणून त्यांनी ते नगरपंचायतीला लिहून दिलं होतं. नगरपंचायतीने ते नागपूरच्या एका कंपनीला दिलं. कंपनीने कबड्डीचं स्टेडियम बांधलं, लीगमध्ये टीम उतरवली, तिला ‘पिंपळढोणा फायटर्स’ असं नाव दिलं. पोरं गेटाबाहेर राहिली. मारुती तेवढा जागचा हलला नाही, म्हणून दर वर्षी तूर फुलावर आली की घरचे रोडगे अजून इथंच निखाऱ्यात भाजले जात आणि मारुतीला दाखवले जात. अडचण कधी आली नाही. त्या पार्किंगमध्ये गाड्या कधी आल्याच नव्हत्या.

“आन वहिनी, आज गुरुवार हाय,” विमलताईंनी पुढचा गोळा हातात घेतला. “मारुतीचे रोडगे शनवारी राह्यते का गुरुवारी?”

“अमरले इचार. त्यानंच दिवस धरला.”

“त्याले काय समजते? मारुतीचा वार आन आठवडी बाजार, दोन्ही त्याले एकच.”

“समजते त्याले,” इंदूबाई म्हणाल्या. “बराबर समजते.”

गुरुवार का, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रस्त्यापलीकडे, नगरपंचायतीच्या सभागृहात आज एक वाजता विशेष सभा होती. दहा वर्षांपूर्वी पुंडलिकरावांच्याच सहीने स्टेडियमची घरपट्टी माफ झाली होती, आणि वर स्टेडियमच्या कर्जाचं व्याज गावाने आपल्या घरपट्टीतून भरायचं ठरलं होतं. तो करार आता संपत होता. तो बंद करायचा ठराव आज झाला तर झाला. नाहीतर करार आपोआप पुढची दहा वर्षं चालू. आणि अर्धे सदस्य सभेला गेलेच नाहीत, तर ठराव मांडणार कोणासमोर?

म्हणून धाकट्या मुलाने, अमरने, सगळ्या सदस्यांना रोडग्याचं आवतण दिलं होतं. बरोबर एक वाजताचं. रोडगे मोडलेले, वर तूप सोडलेलं, शेजारी वांग्याची भाजी. पिंपळढोण्यात अशा पानावरून उठून सभेला जाणारा माणूस अजून जन्मायचा होता.

आणि ठराव मांडणारी नगराध्यक्ष म्हणजे थोरली सून. ती आत्ता इंदूबाईंसमोर पदर खोचून वांगी चिरत होती.

“आई,” अर्पिता हळूच म्हणाली, “मी साडेबाराले निघतो. सभेत मी एकटी बसली तरी बसतो.”

तिचा नवरा झरी जामणीला मास्तर होता, शनिवारीच यायचा. घरात तिच्या बाजूने बोलणारं माणूस आठवड्यातून दीड दिवस असे.

“एकटी बसून काय करशीन?”

“दुसरं काय करू? सत्यभामाबाईच्या वार्डात उन्हाळाभर टँकरवर भांडनं होते. पाइपलाइनले पैसा नाही, आन या स्टेडियमच्या खुर्च्यायच्या व्याजाले हाय.”

“वांगे बारीक नको चिरू,” इंदूबाई म्हणाल्या.

विमलताईंनी सूर्याकडे पाहिलं. “वहिनी, जगरा कवा पेटवाचा? गोवऱ्या रचून ठेवल्या, पेटवत कोनी नाही.”

“तुमच्या भावानं मारुतीले शेंदूर लावल्याबिगर पेटवते का आपल्यात?”

“मंग बोलवा ना दादाले! कुठं हाय?”

“आत. टीमची प्रॅक्टिस पाहून राह्यले.” इंदूबाईंनी कणकेवरचा ओला फडका नीट केला, जणू त्या कणकेला झोपवतच होत्या. “पाहू द्या निवांत. कोनी बोलवायले जाऊ नका.”

अर्पिताचा विळीवरचा हात थांबला. तिने सासूकडे पाहिलं. सासू मिठाची पुडी सोडत होती.

*

अमरने मांडवाची, खुर्च्यांची, थंड पाण्याच्या कॅनची सगळी व्यवस्था स्वतः केली होती. अंगात कंपनीने दिलेला निळा कोट होता. तो स्टेडियमचा मॅनेजर होता, आणि हा कोट घालून तो पहिल्यांदा टीव्हीवर दिसला त्या संध्याकाळी त्याच्या आईने शेजारणींना चहाला बोलावलं होतं. ते त्याला अजून आठवे. त्याआधी तो बाभुळगावच्या बाजारात सोयाबीनची दलाली करायचा, आणि त्याला लोक ‘पुंडलिकरावाचा लहाना’ म्हणत. आता ‘फायटर्सवाले अमरभाऊ’ म्हणत. एवढ्यासाठी माणूस बरंच काही करतो.

“अमरबाबू,” जफरभाईंनी खुर्चीतूनच हाक मारली. बसस्टँडजवळ त्यांचं गॅरेज होतं, एक जुना ट्रक होता, ते सदस्यही होते, आणि पुंडलिकरावांबरोबर याच वावरात कबड्डी खेळून त्यांचा एक दात गेला होता. “बुलावा एक का. बारा वाजून गेले. अन् धुवाँ तर कुठंच नाही दिसत.”

“होऊन राह्यलं, चाचा. पानी घ्या.”

“पानी घरी बी नाही, म्हणून इथं पिऊ?” बाजूला बसलेल्या सदस्य सत्यभामाबाई म्हणाल्या. दोन-चार सदस्य हसले. जे हसले त्यांनी लगेच इकडेतिकडे पाहिलं.

अमर वांग्यांच्या ढिगाकडे गेला. “वहिनी, दोन मिनिटं.”

अर्पिता विळी आडवी करून उठली. दोघं मारुतीमागे, पाटीच्या सावलीत उभे राहिले.

“तुमी घरच्या हाय, म्हनून बोलतो. माह्यावरच वार कायले?”

“भाऊजी, तुमच्यावर नाही. मले एक सांगा, टीममधी आपल्या गावचं कोन हाय?”

अमरने विचार केला. खोटं बोलण्याइतका तो वाईट नव्हता. “उकंडा.”

“उकंडा मॅट पुसते.”

“हाय ना पन गावचा!”

“त्याच्या घरी नळ हाय, पानी नाही. तुमच्या कप्तानाले आपल्या गावचं नाव छातीवर वाचून सांगा लागते, भाऊजी. मी स्वतः पाह्यलं.”

“मोठे खेळाडू आहे ते. हरयाणाचे.” अमरचा आवाज खाली आला. “आन समजा माफी बंद केली, आन टीम अमरावतीले गेली, मंग? गावाले काय तोंड दाखवसान? बाबाले काय सांगसान?”

हा प्रश्न पिंपळढोण्यात नवा नव्हता.  टीम अमरावतीला जाते म्हणून घरपट्टी माफ झाली होती. टीम अमरावतीला जाते म्हणून व्याज अंगावर घेतलं होतं. रस्त्यावरचे दिवे गल्लीतून काढून गेटासमोर लावले, तेव्हाही टीम अमरावतीला निघालीच होती. सामान बांधलेल्या पाहुण्यासारखी ती दहा वर्षं दारात उभी होती, आणि ‘बसा हो’ म्हणता म्हणता घरातल्या लोकांची जेवणं राहत होती.

“पाहू,” ती म्हणाली आणि विळीवर जाऊन बसली.

मग अमरने घड्याळ पाहिलं, गोवऱ्यांची थंड रास पाहिली, आणि त्याला पहिल्यांदा शंका आली.

“आई! जगरा पेटवला काहून नाही?”

“तुह्या बाबानं शेंदूर नाही लावला.”

“मंग सांगाचं ना मले!”

“तुनं इचारलं?”

तो आत पळाला आणि बापाला जवळजवळ ओढतच घेऊन आला. पण पुंडलिकरावांना शेंदराच्या वेळी घाई चालत नसे. त्यांनी हातपाय धुतले. टोपी काढून धुतलेला टॉवेल खांद्यावर घेतला. शेंदरात तेल थोडं पडलं, मग जास्त पडलं, मग पुन्हा शेंदूर. मारुतीच्या पायापासून वर, बोटाबोटाने. अमर मागे उभा राहून कोटाची बटणं लावत आणि काढत होता.

जगरा पेटला तेव्हा साडेबारा होऊन गेले होते.

“आता किती वेळ, आई?”

“हे पाह्य,” इंदूबाई शांतपणे म्हणाल्या. “पह्यले गोवऱ्याचे इंगळ होऊ द्याचे. मंग रोडगे टाकाचे. मंग उलथाचे. मंग राखेत दडपून ठेवाचे. घाई केली त आतून कच्चे राह्यते.”

“म्हणजे एक वाजता...”

“एक वाजता? अडीच होतीन बापा. तीन बी होतीन.”

अमर खुर्चीवर बसला. त्याने आयुष्यभर रोडगे खाल्ले होते, जगरा पेटताना एकदाही पाहिला नव्हता. मांडववाले, खुर्चीवाले, पाणीवाले, सगळ्यांना त्याने वेळ दिली होती. बायकांना वेळ विचारायची असते हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

जफरभाई उठले. कमरेवर हात ठेवून त्यांनी धुराकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे.

“चला रे. तीन वाजेपर्यंत उपाशी इथं धुरात बसण्यापेक्षा सभेत बसू. तिथं पंखा तर आहे.”

आणि पदर झटकत सत्यभामाबाई उठल्या. त्यांच्यामागे एक, मग दुसरा, मग खुर्च्या सरकल्याचे आवाजच आवाज. भुकेला माणूस एका जागी बसत नाही, हे इंदूबाईंना चाळीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. अर्पिता सगळ्यांच्या पुढे होती. हाताला वांग्याचा काळा डाग तसाच.

*

अमर फोन काढून गेटाकडे गेला. मांडवात पुंडलिकराव आणि बायका उरल्या.

“तुमाले नाही जायाचं का सभेत?” इंदूबाईंनी विचारलं.

“जगरा कोन पाहीन?” ते काठीने गोवऱ्या सारखी करत म्हणाले.

इंदूबाईंनी रोडग्यांची परात त्यांच्याकडे सरकवली. त्यांच्या नवऱ्याने जगरा कधी पाहिला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

सभेतल्या मागच्या भिंतीशी पुंडलिकरावांची एक खुर्ची होती. सदस्य नव्हते तरी ते तिथं बसत, आणि हात वर करण्याआधी त्यांच्या गटाचे लोक एकदा वळून मागे पाहत. त्यांनी मान हलवली की हात वर. अध्यक्ष होते तेव्हाही अशाच मानेवर माफी झाली होती. मान त्यांची, हात दुसऱ्यांचे.

आज सकाळी ते गेटाशी गेले तेव्हा नवा पहारेकरी होता. “आजोबा, पास?” म्हणाला. चांगला पोरगा होता, नीट विचारलं. त्याला काय ठाऊक, हा म्हातारा कोणाच्या वावरात शिरतोय. वाईट त्याचं वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की आपण मुकाट खिशात हात घातला आणि पास निघाला. प्लॅस्टिकमध्ये घालून, वर्षानुवर्षं जपलेला.

आत जाऊन ते बसले. कप्तानाने एक चढाई अशी केली, अशी केली, की पाच जणांच्या गराड्यातून मासोळीसारखा निसटून त्याने रेषेला बोट टेकवलं. पुंडलिकरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी टाळी वाजवली. ती टाळी समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर आपटून त्यांच्याकडेच परत आली. खेळाडूंनी वर पाहिलं. कोण म्हातारा बसलाय, हे कोणालाच माहीत नव्हतं.

“इंगळ झाले,” इंदूबाई म्हणाल्या. “टाका.”

त्यांनी पहिला रोडगा निखाऱ्यात ठेवला. बोट भाजलं.

“असा नाही,” विमलताई ओरडल्या. “दादा, अध्यक्ष होतास तू का कोन होतास? रोडगा ठेवता येत नाही!”

*

मुख्याधिकाऱ्यांनी ठराव वाचला. पंख्याखाली सतरा माणसांची भूक बसली होती, त्यामुळे भाषणं लांबली नाहीत.

कंपनीच्या बाजूचा एक सदस्य उठला. त्याच्या भावाचं स्टेडियममध्ये कॅन्टीन होतं. “मॅडम, माफी बंद केली आन टीम अमरावतीले गेली, त याची जबाबदारी कोन घेईन?”

सदस्य समोरचे कागद चाळू लागले. अर्पिताला हा प्रश्न ओळखीचा होता. दहा वर्षं प्रत्येक सभा इथंच येऊन बसली होती.

“टीमचं मी नाही सांगत,” ती म्हणाली. “टीम कंपनीची आहे. मले कंपनीचं घर चालवायचं नाही, गावाचं चालवायचं आहे. जफरचाचाच्या गॅरेजचा पत्रा गळते, तरी त्याची घरपट्टी माफ नाही. कोनाची माफ आहे इथं? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही.

“आपन सगळे भरतो. मंग स्टेडियमपुढं दिवे लागते. बाजूनं कोन आहे?”

सत्यभामाबाईंनी दोन्ही हात वर केले.

“एकच मोजतो, बाई,” मुख्याधिकारी म्हणाले.

“दुसरा माह्या वार्डाचा हाय. मोजू नका, पाहून घ्या फक्त.”

हशा झाला. जफरभाईंचा हात वर गेला. मग कोपऱ्यातल्या दोघींचा. आणि तिथं थांबलं.

पुंडलिकरावांच्या गटाचे लोक मागे वळले. भिंतीशी खुर्ची होती. खुर्चीत कोणी नव्हतं. त्यांनी एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. एकाने तर दारापर्यंत मान लांबवली. कोणाची मान हललेली दिसेना. असा प्रसंग त्यांच्यावर आजवर आला नव्हता. स्वतःचा हात आणि स्वतःचं डोकं, दोघांना एकमेकांशी थेट बोलावं लागत होतं.

त्यातला सगळ्यात म्हातारा सदस्य स्वतःशीच पुटपुटला, “घरी पानी नाही त बायको बोलते, टीम नाही त कोन बोलते?” आणि त्याने हात वर केला.

मग त्याच्या शेजाऱ्याने. मग त्यामागच्याने. अर्पिता मोजत होती, मधेच मोजायचं विसरली. मुख्याधिकारी मोजत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला.

“ठराव मंजूर.”

बाहेर सत्यभामाबाईंच्या वॉर्डातल्या बायका व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांना आतलं नीट ऐकू आलं नव्हतं, पण सत्यभामाबाई खुर्चीवर चढलेल्या दिसल्या, तेवढ्यावरून त्यांना समजलं. एकीने स्टीलची घागर बडवायला घेतली. एक जण “अर्पिताबाई, अर्पिताबाई” असं ओरडू लागली. लग्न होऊन आल्यापासून अर्पिताला या गावात सगळ्यांनी सून नाहीतर मॅडम म्हणूनच हाक मारली होती. नुसतं नाव तिने पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही इतक्या जोरात. तिला रडू आलं नाही. तिला सपाटून भूक लागली.

रस्ता ओलांडून सगळी वरात पार्किंगमध्ये शिरली. घागर पुढे, नगराध्यक्ष मध्ये, आणि कंपनीच्या बाजूचे चार-पाच सदस्यही मागोमाग, कारण रोडग्यांचा वास आता रस्त्यावर आला होता.

*

“इतक्या लोकाले पुरतीन का, वहिनी?” विमलताई राख झटकत म्हणाल्या. पण म्हणताना हसत होत्या.

“पुरतीन. अर्धा अर्धा मोडा. तूप भरपूर सोडा.”

इंदूबाईंनी पहिला रोडगा मारुतीपुढे ठेवला, दुसरा सुनेच्या हातात दिला. “धर. गरम हाय.” बस, एवढंच. अर्पिताने तो दोन्ही हातांत धरला आणि सासूकडे बघत राहिली. “आई, तुमी मुद्दाम...” “खाय,” इंदूबाई म्हणाल्या.

पंगती बसल्या, त्या पांढऱ्या पट्ट्यांमध्येच. एकेका मोटारसायकलीच्या जागेत दोन माणसं मावली. सत्यभामाबाईंनी वाढायला घेतलं. जफरभाईंनी पुंडलिकरावांच्या शेजारी मांडी घातली, आणि त्यांच्या भाजलेल्या बोटाकडे पाहून म्हणाले, “ये क्या?” पुंडलिकराव म्हणाले, “जेव तू.” पान वाढून झाल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली. “मॅडम, इकडं बसा.” घरात ते तिला थट्टेने मॅडम म्हणत. आज आवाजात थट्टा सापडेना. ती जाऊन बसली.

अमर एकटा गेटापाशी उभा होता. फोन कानाला होता. त्याने बरंच ऐकून घेतलं, मध्ये मध्ये “जी साहेब” म्हणाला. मग तो पंगतींमधून चालत बापासमोर आला. कोट काढून खांद्यावर टाकलेला होता, आणि त्यामुळे तो पुन्हा लहाना दिसत होता. अर्पिताला त्याची दया आली. तिने आपल्या पानाशी जागा केली. तो बसला नाही.

“बाबा,” तो म्हणाला, “कंपनीचे साहेब तुमच्याशीच बोलतो म्हनते. तुमी म्हनसान त सदस्य पुन्हा सभा मागतीन. ठराव फिरवता येते अजून. तुमी फक्त बोला.”

पुंडलिकरावांचे हात तुपाने भरले होते. अमरने फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या पानाशेजारी ठेवला.

“पुंडलिकराव,” फोनमधला आवाज गोड होता, शहरी होता. “दहा वर्षांचे संबंध आहेत आपले. घरातलं लेकरू चुकलं, मोठ्यांनी सावरायचं असतं. तुमची माणसं तुमच्या शब्दाबाहेर नाहीत, हे मला माहीत आहे. मला वाईट वाटतं बोलायला, पण तुम्ही हे फिरवलं नाही तर नाइलाजाने टीम अमरावतीला न्यावी लागेल.”

घागर वाजायची थांबली. सत्यभामाबाईंच्या हातातली भाजीची पळी अधांतरी राहिली. मघाशी हात वर केलेले सगळे आपापल्या पानात पाहू लागले. अर्पिताने डोळे मिटले. इंदूबाईंनी मात्र नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

पुंडलिकरावांनी हातातला घास भाजीत बुडवला, तोंडात घातला, नीट चावून खाल्ला. सगळं गाव त्यांचं चावणं पाहत होतं. मग ते फोनकडे थोडे वाकले.

“त घेऊन जा.”

“काय म्हणालात?”

“टीम. घेऊन जा म्हनलं. गाडी नसन त जफरचा ट्रक पाठवतो. आजच.”